इलेक्ट्रिकलच्या पोरांना स्टॅटिस्टिक्स शिकवायला सुरुवात कुठून करावी?

तापीकाठ_मास्तर
जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात इलेक्ट्रिकलच्या सेकंड इयरला शिकवतो. आठवड्याला दोन तासांचं एक प्रॅक्टिकल, त्यातच स्टॅटिस्टिक्स आणि त्यातच पायथन. गेल्या वर्षी फासे, पत्ते, रंगीत चेंडू घेऊन शिकवलं. पोरं पास झाली. पण व्हायव्हात प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) म्हणजे काय विचारलं की सूत्र म्हणून दाखवायची.

यंदा रावेर तालुक्यातला एक विद्यार्थी वही घेऊन आला. त्यांच्या केळीला रात्रीची लाइट असते. त्याने रात्री १० पासून पहाटे ५:३० पर्यंत दर अर्ध्या तासाला दोन फेजमधलं व्होल्टेज मांडलं होतं. १६ आकडे, सरासरी ३९५.६. ठरलेल्या ४१५ व्होल्टमधून सूट असलेले ६ टक्के वजा केले तर ३९० येतात, म्हणजे सरासरी मर्यादेत. तो म्हणाला, "सर, सरासरी चांगली हाये, मग आमची मोटर का जळाली?"

मी त्याला पहिले तीन आकडे वाचायला लावले. ३४२, ३५०, ३६०. लाइट आली की ऑटोवर टाकलेल्या साऱ्या मोटरी एकदम उठतात. विहिरींचं पाणी खाली गेलं की एकेक बंद होते आणि व्होल्टेज वर येतं. टॉर्क, म्हणजे मोटरचा फिरवायचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ३४२ ला तो ६८ टक्केच उरतो. मोटर करंट जास्त ओढते, वाइंडिंग तापतं. मागच्या बाकावरची पोरंही उठून फळ्यापाशी आली.

पुढच्या सेमिस्टरला सगळ्यांना स्वतःचेच आकडे आणायला सांगू का? की आधी थिअरी? आणि पायथन कधी काढायचं?

डीपीवाला
सर, आधी एक हात जोडून सांगतो. पोरांना रात्री ओल्या वावरात ४१५ व्होल्टला मीटरचे प्रोब लावू देऊ नका. स्टार्टरच्या पेटीवर व्होल्टमीटर असतो, त्यावरून लिहू द्या. तो थोडा चुकीचा दाखवत असेल तर तेही शिकवण्यासारखंच आहे.

साक्री_पवन
मी ब्राह्मणवेलकडे पवनचक्क्यांवर काम करतो. आमच्याकडेही सरासरीच फसवते. वाऱ्याची ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात. एक तास ४ आणि एक तास ८ मीटर प्रतिसेकंद वारा असला तर सरासरी ६, तिचा घन २१६. पण घनांची सरासरी काढा, २८८ येते. हे गणित पोरांना हाताने करू द्या, मगच वायबुल वितरणाचं (कोणत्या वेगाचा वारा किती वेळा येतो ते मांडणाऱ्या सूत्राचं) नाव घ्या.

धुळे_संख्याशास्त्र
आकडे त्यांचेच घ्या, माझं ठाम मत. पण पुढची पायरी सोडू नका. एका रात्रीचे १६ आकडे एकमेकांना चिकटलेले आहेत, १०:०० चं व्होल्टेज कमी तर १०:३० चंही कमीच. त्यांना १६ स्वतंत्र निरीक्षणं धरून टी-चाचणी (सरासरीतला फरक खरा की योगायोग ते तपासणारी) लावली तर उत्तर खोट्या खात्रीचं येईल. सेकंदाला एक आकडा घेणारा मीटर बसवला तरी तीच गत, तासाला ३६०० आकडे मिळतील पण माहिती ३६०० पट होत नाही. त्यापेक्षा १६ रात्रींचं प्रत्येकी किमान व्होल्टेज घ्या. जळण्याचा प्रश्न त्या किमानाशीच बांधलेला आहे.

भुसावळचा_पोरगा
सर, पायथन नंतरच. आधी १६ आकड्यांचं विचलन वहीत काढू द्या. तुमच्या आकड्यांवर ते २२.९ च्या आसपास येईल. मग पायथनच्या नमपाय लायब्ररीला विचारा, ते २२.१ सांगेल. पोरं आपलंच चुकलं समजून खोडतील. नमपाय न सांगितल्यास एनने, म्हणजे आकड्यांच्या संख्येने, भागतं; पांडाज ही दुसरी लायब्ररी एन वजा १ ने. मला हे नोकरी लागल्यावर कळलं, तोवर दोन रिपोर्ट गेले होते.

तापीकाठ_मास्तर
डीपीवाले भाऊ, तुमचं आधी ऐकतो, प्रोब बंद. धुळेकर सर, १६ रात्रींचं किमान हे मला सुचलंच नव्हतं. रावेरच्या त्या पोराला आजच सांगितलं, दर रात्री लाइट आल्यापासून पहिला तासभर पेटीवरचा काटा बघायचा. त्याचे वडील म्हणाले, मीच लिहून ठेवतो.