'योगायोग' की 'देवाने पाठवलं'?

माहीमकर: शेजारच्या आंटी मूळच्या वसईच्या, दर बुधवारी सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाला (नेमाच्या खास प्रार्थनेला) जाणाऱ्या. परवा दादरच्या फुलबाजारात त्यांचं पाकीट पडलं. शेवंतीवाली मागे धावत आली, पुलाच्या पायऱ्यांवर गाठून हातात दिलं. मी म्हटलं, "काय योगायोग!" आंटी लगेच, "योगायोग कसला? देवाने पाठवली तिला." इंग्रजी प्रवचनात याला 'प्रॉव्हिडन्स' म्हणतात. मराठीत काय म्हणावं? 'दैवयोग' चालेल?

शब्दखोर: नको. 'दैव' निघालं देवापासूनच, पण आता ते आंधळं नशीब झालंय. दैव देतं नि कर्म नेतं. 'प्रॉव्हिडन्स'ला मात्र डोळे आहेत: लॅटिन 'प्रोविदेन्तिया' म्हणजे पुढचं पाहणं. बायबलात उत्पत्तीच्या 22व्या अध्यायात इसहाक बापाला, अब्राहामाला, विचारतो, होमाला कोकरू कुठाय? अब्राहामाच्या उत्तरातलं हिब्रू क्रियापदही 'पाहणे' हेच, अर्थ मात्र 'देव सोय करील'. आपलं "देव बघून घेईल" अगदी तसंच. (फक्त "तुला बघून घेईन" म्हटलं की थेट नळावरचं भांडण!) नाम हवं तर 'तजवीज'. 'योजना' म्हटलं की मला म्हाडाची लॉटरी आठवते.

गिरगावची: 'ईश्वरी संकेत' का नाही?

शब्दखोर: त्याला शकुनाचा वास येतो. शकुन बघून भविष्य काढायला कॅथलिक धर्मशिक्षणात साफ मनाई आहे. सिग्नल हिरवा मिळाला म्हणून नोकरी सोडा, हे त्यात बसत नाही.

गिरगावची: मग योगायोग असं काही नसतंच?

शब्दखोर: असतं की. बायबलातल्या लूकच्या 10व्या अध्यायात, लुटलेल्या वाटसरूला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, याजक (पुजारी) त्या वाटेने येतो तो 'योगायोगाने', आणि हे खुद्द येशूच्या तोंडी आहे. मध्ययुगातला कॅथलिक तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस, त्याचा दाखला तर झकास: मालक दोन नोकरांना एकाच ठिकाणी धाडतो, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. भेटले की दोघं म्हणणार, काय योगायोग! मालकाला विचारा. म्हणजे योगायोग खोटा नाही, तो नोकरांच्या बाजूने दिसतो तेवढाच.

माहीमकर: आंटींना 'तजवीज' सांगून आलो. म्हणाल्या, "तजवीज लग्नाच्या जेवणाची करतात रे. देवाने पाठवली, एवढं म्हटलं की कळतं ना?" आणि शेवंतीवालीसाठी केकचा डबा माझ्याच हातात दिला. दादरला जाणारच होतो म्हणून.

गिरगावची: बघा, तुम्हालाही पाठवलंच.