नवागत पुस्तिकेतला खाण्यापिण्याचा परिच्छेद बदलूया

प्रेषक: पुस्तिका समिती, वेरिबी
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

मेलबर्न परिसरात नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींसाठी आपण काढतो त्या नवागत पुस्तिकेची नवी आवृत्ती गणपतीपर्यंत हातात यायला हवी, म्हणून सध्या मी जुना मजकूर वाचतेय. बँक, मेडिकेअर (सरकारी आरोग्यविमा), ट्रेन-ट्राम-बसचं मायकी कार्ड, शाळाप्रवेश, भाड्याचं घर हे सगळं नीट आहे. ‘इथल्या लोकांचं खाणंपिणं’ हा परिच्छेद मात्र आहे तसा छापू नये, असं माझं ठाम मत आहे. तो असा:

“ऑस्ट्रेलियन माणूस बिअर आणि बार्बेक्यूवर जगतो. फॉस्टर्स ही इथली राष्ट्रीय बिअर. कांगारूचं मांस सर्रास खाल्लं जातं. जेवणाला मसाला नाही, चव नाही. व्हेजिमाइटच्या वाटेला जाऊ नये.”

यातलं जवळजवळ सगळं जाहिरातींतून आलंय. फॉस्टर्सचंच घ्या. 1888 मध्ये ती आपल्या मेलबर्नमध्येच सुरू झाली, आणि सुरू करणारे फॉस्टर बंधू अमेरिकेहून आलेले. पण आज इथल्या पबमध्ये फॉस्टर्स मागणारा माणूस शोधावा लागेल. ती खपते परदेशात. इंग्लंडमध्ये मिळणारी फॉस्टर्स मँचेस्टरला बनते. आपल्यापैकी अनेकांनी कॉलेजात असताना जी ‘ऑस्ट्रेलियन बिअर’ म्हणून बघितली, ती औरंगाबादच्या ब्रुअरीतून आलेली होती. इथे व्हिक्टोरियात व्हीबी आणि कार्ल्टन, क्वीन्सलँडमध्ये फोर-एक्स, ॲडलेडला कूपर्स, टास्मानियात उत्तरेला बोग्स आणि दक्षिणेला कॅस्केड, अशी राज्याराज्यांची निष्ठा असते. ग्लासाची मापंही बदलतात. 285 मिलीचा ग्लास आपल्याकडे पॉट, सिडनीत मिडी आणि ॲडलेडला स्कूनर. सिडनीतला स्कूनर मात्र 425 मिलीचा. नव्या माणसाला ऑफिसच्या पहिल्या पार्टीत उपयोगी पडेल अशी माहिती ही आहे.

बार्बेक्यूवर कोळंबी टाकण्याचं ते प्रसिद्ध वाक्य 1984 च्या पर्यटन जाहिरातीतलं, विनोदी अभिनेते पॉल होगन यांनी अमेरिकन प्रेक्षकांसाठी म्हटलेलं. बार्बेक्यू खराच आहे, पण त्यावर बहुतेक वेळा सॉसेज, कांदा आणि मटणाच्या चॉप्स असतात. नवागतांना सांगायचंच तर हे सांगूया, की बहुतेक मोठ्या उद्यानांत कौन्सिलने बसवलेल्या बार्बेक्यूच्या शेगड्या असतात. बटण दाबलं की पत्रा तापतो, बहुतेक ठिकाणी फुकट. पुढच्या माणसासाठी पुसून ठेवायचा, एवढाच नियम. तव्यासारखा त्यावर ॲल्युमिनियम फॉइल अंथरला की पनीर, मका, वांग्याचे काप सगळं होतं.

कांगारूचं मांस सुपरमार्केटात मिळतं हे खरं. ते पाळलेल्या नव्हे, तर सरकारने ठरवलेल्या कोट्यात मारलेल्या रानातल्या जनावरांचं असतं. पण बहुतेक घरांत ते क्वचितच शिजतं. बरंचसं निर्यात होतं किंवा कुत्र्यामांजरांच्या खाद्यात जातं.

आणि पावाला लावायच्या त्या व्हेजिमाइटबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. माझ्या शेजारच्या आजी रोज सकाळी टोस्टवर आधी गरम असतानाच भरपूर लोणी लावतात, मग सुरीच्या टोकाला अगदी हरभऱ्याएवढं व्हेजिमाइट घेऊन ते खरवडल्यासारखं पसरतात. निम्मा पाव पांढराच दिसतो. चव खारट, किंचित कडवट, लोण्याबरोबर फार छान. परदेशी पाहुणा चॉकलेटसारखा जाड थर देतो आणि तोंड वाकडं करतो. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडहून मार्माइट नावाचं असंच चाटण येईनासं झालं, तेव्हा बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासून सिरिल कॅलिस्टर यांनी मेलबर्नमध्येच हे बनवलं आणि 1923 मध्ये ते दुकानात आलं. शाकाहारी आहे, ब जीवनसत्त्व भरपूर आहे. वाटेला जरूर जावं.

आपापल्या सूचना पाठवा.

—

प्रेषक: बॉक्स हिलचे काका
विषय: पुन्हा: पुस्तिकेतला परिच्छेद

ताई,

अगदी योग्य विषय काढलास. ‘चव नाही’ या वाक्यावर माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे.

आम्ही सत्तरच्या दशकात आलो तेव्हा हिंग, चिंचेसाठी वणवण व्हायची हे खरं. शेजारी रात्रीचं जेवण म्हणजे उकडलेल्या तीन भाज्या आणि मांसाचा तुकडा असायचा हेही खरं. पण तेव्हाही मेलबर्नच्या लायगन स्ट्रीटवर इटालियन मंडळी बसलेली होती. बर्क स्ट्रीटवरचा पेलेग्रिनीज कॅफे 1954 पासून एस्प्रेसो देतोय. पुढे 1975 नंतर व्हिएतनामी निर्वासित आले आणि फुट्सक्रे, रिचमंड बदलून गेलं. ओकलीला ग्रीक, ब्रन्सविकला लेबनीज. 2021 च्या जनगणनेत इथल्या जवळजवळ निम्म्या लोकांचे आई-वडील, दोघं नाहीतर एक तरी, परदेशात जन्मलेले निघाले. मग ‘ऑस्ट्रेलियन जेवण’ म्हणजे फक्त इंग्रजांनी बोटीतून आणलेलं जेवण, असं आपण का धरून चालावं? माझ्या सुताराच्या डब्यात शुक्रवारी बान-मी, म्हणजे व्हिएतनामी सँडविच, असतो. त्याचे आजोबा आयर्लंडचे.

कॉफीला तर स्वतंत्र परिच्छेद द्यायला हवा. परदेशातल्या माणसाला वाटतं की इथे सकाळपासून बिअर चालते. सकाळी साडेसातला कुठल्याही स्टेशनबाहेर उभं राहून बघा, लोक कॉफीच्या रांगेत असतात. स्टारबक्सने 2000 साली इथे पहिलं दुकान काढलं आणि 2008 मध्ये 84 पैकी 61 दुकानं एकदम बंद केली. इथल्या माणसाला कोपऱ्यावरच्या, नावाने ओळखणाऱ्या बरिस्ताची कॉफी लागते, सिरप घातलेली बादली नको असते. फ्लॅट व्हाइट हा कॉफीचा प्रकार आमचा की न्यूझीलंडचा हा वाद चालू राहू दे. आपल्या लोकांना एवढं सांगा की लाँग ब्लॅकमध्ये दूध नसतं, आणि ‘चाय लाटे’ म्हणजे आपला चहा नव्हे. तो बहुतेक ठिकाणी गोड पूड किंवा सिरप घातलेलं दूध असतं.

शाकाहाऱ्यांसाठी काही गोष्टी अगदी ठळक छापा. पबमधल्या चिकन पार्मात (पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेलं चिकन, वर सॉस आणि चीज) चीजखाली बऱ्याचदा हॅमचा काप असतो, त्यामुळे चिकन खाणाऱ्यांनीही विचारून घ्यावं. डिम सिम (वाफवलेले किंवा तळलेले डंपलिंग) कोबीचे दिसतात, पण आत मांस असतं. उलट बटाट्याच्या चिप्सवर घालतात ते चिकन सॉल्ट नावाने घाबरवतं, पण त्यातल्या बऱ्याच ब्रँडमध्ये कोंबडी अजिबात नसते. पाकीट वाचावं. आणि भाजलेला लाल भोपळा! या देशाइतका मनापासून भोपळा खाणारे लोक मी दुसरीकडे पाहिले नाहीत. भरीत करणाऱ्या आपल्या माणसांना तो आवडलाच पाहिजे.

— काका

—

प्रेषक: सनशाइनहून एक परिचारिका
विषय: पुन्हा: पुन्हा: पुस्तिकेतला परिच्छेद

काका, ताई,

दोघांचंही पटलं, पण माझी एक विनंती आहे. बिअरची प्रतिमा खोटी आहे असं लिहिताना दारूचा प्रश्नच नाही असं कुणाला वाटू देऊ नका. मी इमर्जन्सीत काम करते. शनिवारची रात्र आणि लाँग वीकेंड मी जवळून बघते.

खरं चित्र थोडं गुंतागुंतीचं आहे. व्हिक्टोरियात 1916 ते 1966 पब संध्याकाळी सहाला बंद व्हायचे. पाचला कामावरून सुटलेला माणूस तासाभरात मिळेल तेवढं ढोसायचा. परदेशात पसरलेल्या ‘बिअर ढोसणारा ऑस्ट्रेलियन’ या चित्राचा मोठा भाग त्या काळातला आहे. दारूचं दरडोई प्रमाण 1974-75 च्या सुमारास सर्वांत जास्त होतं. पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकामागे वर्षाला 13 लिटरच्या वर शुद्ध अल्कोहोल. 2013-14 मध्ये ते 9.7 लिटरवर आलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यातलं तीनचतुर्थांश बिअरमधून येई, 2013-14 मध्ये 41 टक्के, आणि वाइन तिच्या अगदी जवळ पोचलेली. तरुण मुलं तर आई-बापांच्या पिढीपेक्षा कमी पितात. रस्त्यावर कुठेही थांबवून श्वास तपासणं व्हिक्टोरियात 1976 मध्ये सुरू झालं, त्याचाही यात वाटा आहे असं मला वाटतं.

आता आपल्या लोकांबद्दल. नवीन आलेली मुलं ‘इथे सगळेच पितात, नाही म्हटलं तर वाईट दिसेल’ अशा समजुतीने सुरू करतात. माझं कळकळीचं म्हणणं हेच, की तो समज पुस्तिकेने मोडावा. इथे नाही म्हटलेलं कुणाला खटकत नाही. जुलै महिनाभर दारू सोडणारे, गर्भवती, गाडी चालवणारे, उद्या पहाटे पळायला जाणारे, अशी प्रत्येक टेबलावर एक-दोघं असतातच. फक्त ‘शाउट’ची पद्धत कळायला हवी. एकेकाने सगळ्यांसाठी पाळीपाळीने ड्रिंक्स आणायची. सोडा पिणाऱ्यानेही आपली पाळी चुकवू नये, किंवा आधीच सांगावं की मी माझं माझं घेतो. लेमन-लाइम-बिटर्स मुलांनाही देतात, पण त्यातल्या बिटर्समध्ये दोन-चार थेंब अल्कोहोल असतं. ज्यांना थेंबही चालत नाही त्यांनी लिंबू-सोडा मागावा.

आकडे छापायचे तर हे छापा: आठवड्याला 10 स्टँडर्ड ड्रिंक्सपेक्षा (एकात 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल) जास्त नको, कुठल्याही एका दिवशी 4 पेक्षा जास्त नको, हा आरोग्य परिषदेचा 2020 चा सल्ला. गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलचं प्रमाण 0.05 टक्क्याच्या खाली, आणि एल (शिकाऊ) किंवा पी (नवा परवाना) पाटीवाल्यांना शून्य.

—

प्रेषक: फ्रँक्स्टन, मूळ अलिबाग
विषय: मासे राहिले!

मंडळी,

इतका वेळ चर्चा चाललीय आणि मासे कुणी काढले नाहीत. बॅरामंडी म्हणजे आपला जिताडा! अगदी तीच जात. पेण-अलिबागच्या तळ्यातल्या ज्या जिताड्यासाठी जावयाचा मान ठरतो, तो इथे सुपरमार्केटात कातडीसकट फिले करून मिळतो, आणि आपल्या लोकांना ते माहीतच नसतं. कातडीची बाजू आधी तापलेल्या तव्यावर, मग आगळ-लसूण-हळद. दुकानातल्या पाटीवर कुठल्या देशाचा ते लिहिलेलं असतं, इथला घ्या. चांगल्या इथल्या बॅरामंडीत आणि आयात केलेल्या फ्रोजनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

फिश अँड चिप्सच्या दुकानात ‘फ्लेक’ म्हणतात तो छोटा शार्क, आपल्या मुशीचा जातभाई. काटा नाही, मुलं आवडीने खातात. आणि ख्रिसमसला परदेशातले लोक टर्की-टर्की करतात, पण इथे पस्तीस डिग्रीच्या उन्हात टेबलाच्या मधोमध उकडलेल्या थंड कोळंबीचा ढीग असतो. सोबत आंबे आणि चेरी. सिडनीचा मासळीबाजार नाताळच्या आधी सलग 36 तास उघडा असतो. कोकणातल्या माणसाला परकं वाटावं असं यात काय आहे?

—

प्रेषक: बॅलराटची एक शिक्षिका
विषय: पुन्हा: मासे राहिले!

सर्वांना नमस्कार,

सगळं वाचून आनंद झाला. तरी या परिच्छेदाची सुरुवात इंग्रज, इटालियन किंवा आपल्यापासून होऊ नये. ताई, तुमच्या वेरिबीच्या मैदानांवर पूर्वी मर्नाँग नावाचं पिवळ्या फुलाचं रोप दूरवर पसरलेलं असे. आदिवासी बायका काठीने उकरून त्याची गोडसर मुळं काढत आणि जमिनीतल्या भट्टीत भाजत. 1835 नंतर मेंढ्या आल्या आणि बघता बघता ती चरून संपली. व्हिक्टोरियाच्या पश्चिमेला बुज बिम इथे गुंडिचमारा आदिवासींनी ज्वालामुखीच्या दगडांनी पाण्याच्या वाटा वळवून ईल मासे पकडायची आणि वाढवायची व्यवस्था केली होती. तिचा काही भाग 6,600 वर्षांचा आहे. 2019 मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. परदेशी कार्यक्रमांत आदिवासींचं अन्न म्हटलं की एक जिवंत अळी दाखवतात आणि पुढे जातात. एवढी मोठी शेती-मासेमारी त्यात दिसतच नाही. आपल्या पुस्तिकेत चार ओळी तरी त्यांच्यासाठी ठेवा. मुलांना घेऊन बुज बिमला जा, गुंडिचमारा वाटाडे स्वतः दाखवतात.

—

प्रेषक: पुस्तिका समिती, वेरिबी
विषय: पुन्हा: पुन्हा: मासे राहिले!

सर्वांचे आभार. शिक्षिकाबाईंच्या ओळी सुरुवातीला घेते. पिण्याबद्दलचा मजकूर परिचारिका ताईंनीच लिहावा आणि त्यातले आकडे तसेच ठेवावेत. काका, कॉफी आणि शाकाहाऱ्यांच्या सूचना तुमच्याकडे. फ्रँक्स्टनच्या दादांनी माश्यांची मराठी-इंग्रजी नावं शेजारीशेजारी लिहून द्यावीत, कोळंबीच्या प्रकारांसकट.

मतदानाच्या दिवशीच्या सॉसेजचं मी लिहिते. नवे नागरिक झालेल्यांना ते कळायला हवं. मतदान सक्तीचं, बहुधा शनिवारी, आणि शाळेच्या आवारात पालकसंघाचा स्टॉल. पांढऱ्या पावाच्या एका तुकड्यात सॉसेज आणि परतलेला कांदा, पैसे शाळेला. शाकाहारी सॉसेज असतंच असं नाही, पण नुसता कांदा-पाव मागितला तर आनंदाने देतात.

मजकूर येत्या रविवारपर्यंत याच पत्त्यावर पाठवा. मुद्रितं त्यानंतरच्या बुधवारी छापखान्यात जातील.