हिस्टेरिसिस आणि पाथ डिपेंडन्स एकच का? बडोद्याहून एक शंका

सूरसागरकाठची
नमस्कार, मी बडोद्याला एमए इकॉनॉमिक्स करतेय. मॅडमनी ब्लँचर्ड आणि समर्सचा १९८६ चा पेपर सांगितला, युरोपात बेकारी वाढली आणि मंदी सरली तरी खाली आलीच नाही, त्याला हिस्टेरिसिस म्हणतात. दुसऱ्या विषयात पाथ डिपेंडन्स आहे, म्हणजे आधी जे घडलं त्यावर पुढचं ठरतं, क्वर्टी कीबोर्ड एकदा रुळला आणि टिकूनच राहिला तसं. मला दोन्ही सारखंच वाटतंय. वर्गातला एकजण म्हणाला, धक्क्याचा परिणाम बराच वेळ टिकला की झालं हिस्टेरिसिस. मग फ्रीडमनच्या नॅचरल रेटचं, म्हणजे बेकारी शेवटी ज्या दरावर येते म्हणतात त्याचं काय? पुढच्या आठवड्यात प्रेझेंटेशन आहे, मराठीत सांगा कुणीतरी, आधी आईला सांगून बघणार आहे, तिला कळलं तर मला कळलं.

मकरपुराकर
मी इकॉनॉमिक्सवाला नाही, जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, ट्रान्सफॉर्मरच्या कामात २६ वर्षं काढली. पण हा शब्द मुळात आमच्याकडचा, युइंग नावाच्या शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात मॅग्नेटिझमसाठी काढलेला. कोअरचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचं लोखंड मॅग्नेटाइझ केलं आणि करंट शून्यावर आणला तरी थोडं मॅग्नेटिझम मागे राहतंच, ते घालवायला करंट नुसता बंद करून भागत नाही, उलट दिशेने द्यावा लागतो. जायचा रस्ता वेगळा, यायचा वेगळा, मधे लूप पडतो आणि त्या लूपएवढी एनर्जी दर सायकलला उष्णता होऊन जाते, म्हणून तर आम्ही लूप लहान पडणारं सिलिकॉन स्टील वापरतो.

चहा ओतून ठेवला तर गार व्हायला वेळ लागतो, पण होतो. तो नुसता उशीर. तुझ्या वर्गातल्या मुलाने उशीरच सांगितलाय.

रावपुरा वाचक
काकांनी फार छान सांगितलं. आता नॅचरल रेट. फ्रीडमन आणि फेल्प्सचं म्हणणं असं की मागणी कमीजास्त झाली तरी बेकारी शेवटी आपल्या ठरलेल्या जागी परत येते. अमेरिकेत १९८२ च्या अखेरीस ती १०.८ टक्के होती, दशक संपेपर्यंत साडेपाचच्या खाली आली. युरोपात तसं झालं नाही. ब्लँचर्ड-समर्स म्हणाले, ती जागाच सरकते. पगाराची बोलणी कोण करतं, तर जे कामावर उरलेत ते, बाहेर पडलेल्यांच्या वतीने बोलायला कुणी नसतं, मग पगार असे ठरतात की आतल्यांची नोकरी टिकेल पण बाहेरच्याला जागा होणार नाही.

हे मी घरात बघितलंय. माझे थोरले भाऊ एका गिरणीत होते, ती बंद पडली तेव्हा ४४ वर्षांचे. चार वर्षांनी आजूबाजूला भरती सुरू झाली पण सगळ्यांना तरुण पोरं हवी होती आणि तोवर भावाची मशीनवरची सवयही सुटली होती. मंदी गेली, भाऊ काही परत कामावर लागले नाहीत. हे लिहिताना अजून वाईट वाटतं.

पाथ डिपेंडन्ससाठी कीबोर्ड कशाला, आपलं बडोद्याजवळचं डभोई घे की. १८६२ मध्ये डभोई-मियागाम लाइन टाकली, गाड्या ओढायला बैल! गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फुटी. पुढे गायकवाडी रेल्वेच्या फाट्यांना जुन्या लाइनला जोडायचं म्हणून तेच गेज घ्यावं लागलं, आणि जाळं जितकं वाढलं तितकं बदलणं महाग. इथे कुठला धक्का येऊन गेला नाही, आधी काय झालं त्याने पुढचं ठरलं. हिस्टेरिसिस हा त्यातलाच एक खास प्रकार, कारण निघून जातं आणि परिणाम राहतो.

निझामपुरा
एक भर, आणि थोडा विरोधही. अडकलो म्हणजे वाईटातच अडकलो असं नाही, क्वर्टी वाईट असूनही टिकला या म्हणण्यावर लिबोविट्झ-मार्गोलिस या अर्थतज्ज्ञांनी १९९० मध्ये हाच आक्षेप घेतला. डभोईचं छोटं गेज त्या काळी स्वस्त पडत होतं, तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही.

दुसरं, बरेच पेपर आकडेवारीत युनिट रूट नावाचं लक्षण दिसलं की हिस्टेरिसिस म्हणतात. त्यात प्रत्येक धक्का, लहानमोठा, कायमचा राहतो आणि उलटा तेवढाच धक्का दिला की सगळं जागेवर. काकांचं लोखंड असं वागतं का? अर्थतज्ज्ञ रॉड क्रॉस हेच म्हणत आला. खऱ्या हिस्टेरिसिसमध्ये मोठ्या चढउतारांचीच आठवण राहते, नंतरचा त्याहून मोठा धक्का आधीची आठवण पुसतो. अर्थतज्ज्ञ अविनाश दीक्षितांचं १९८९ चं काम बघ, एक्स्पोर्टर बाजारात शिरायला खर्च करतो, मग डॉलर पडला तरी लगेच निघत नाही, शिरायचा भाव वेगळा आणि निघायचा वेगळा.

सूरसागरकाठची
दोन भाव, दोन रस्ते, आता लूप दिसला! रावपुरा काका, तुमच्या भावांचं वाचून थांबले थोडी. आईला डभोईचं लगेच कळलं, तिचं माहेर तिकडचंच. मकरपुराकर काका, कोअरचा एखादा जुना पत्रा मिळेल का हो, वर्गात दाखवायला?

मकरपुराकर
भंगारात पडलेत. शनिवारी ये, हातमोजे देतो, कडा धारदार असतात.