मदत हवी आहे: संत्र्याचं गोड लोणी फाटतं, पाणी सोडतं आणि कडवट लागतं

वरूडची_सून
नमस्कार मंडळी. पोळीला, ब्रेडला लावायचं गोड लोणी घरी करायचं आहे, संत्र्याच्या स्वादाचं. मृग बहाराची संत्री अजून आहेत, ती संपायच्या आत जमलं पाहिजे. दोन खेपा बिघडल्या. काय काय केलं ते नीट लिहिते, म्हणजे चूक सापडेल.

म्हशीच्या दुधाची साय आठ दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात साठवली, साधारण १ किलो. विरजण लावलं नाही. मिक्सरमधून ४५० ग्रॅमच्या आसपास लोणी निघालं, ते एकदा पाण्यातून काढलं. त्यातल्या २०० ग्रॅमला ६० ग्रॅम साखर आणि तीन संत्र्यांचा रस आटवून ४ मोठे चमचे घातला. फेटायला घेतलं तर लोण्याच्या गुठळ्या एकीकडे, पाणी एकीकडे. साखर दाताखाली कचकच. चव पहिल्याच दिवशी कडवट, चौथ्या दिवशी आंबूस वास. दुपारी स्वयंपाकघरात ३६-३७ अंश असतं आणि लाईन कधी जाईल याचा नेम नाही.

रवीदोरी
ताई, रस हीच मूळ चूक. लोण्यात ८० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, घरच्या कमी मळलेल्या लोण्यात पाणी त्याहून जास्तच. ते बारीक थेंबांच्या रूपात स्निग्धांशात अडकून बसलेलं असतं. वरून चार चमचे रस आला की त्याला जागाच नाही, तो बाहेर पडणार. शिवाय लोण्यात राहिलेल्या ताकातली प्रथिनं रसाच्या आंबटपणानं फाटतात. तुम्हाला गुठळ्या दिसल्या त्यात हेही असणार.

आणि कडवटपणा रस आटवल्यामुळे. नागपुरी संत्र्याचा ताजा रस गोड लागतो, पण तापवला किंवा काही तास ठेवला की त्यात लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होतं. पिळताना बी चिरडली तर आणखीच. म्हणून आटवलेल्या रसाचा नाद सोडा, स्वाद सालीतून घ्या. संत्र्याचा वास सालीवरच्या केशरी थरातल्या तेलात असतो आणि तेल लोण्यात सहज मिसळतं.

आपल्या संत्र्याची साल सैल असते, किसणी खोल जाते आणि खालचा पांढरा भाग येतो. तोही कडू. तेव्हा संत्रं न सोलता, कोमट पाण्यात चोळून धुऊन, पुसून, तासभर फ्रिजमध्ये ठेवून मग सर्वांत बारीक किसणीवर हलक्या हातानं फिरवा. एका जागी एकदाच. मध्यम आकाराच्या दोन संत्र्यांचा दीड छोटा चमचा किस २०० ग्रॅम लोण्याला पुरतो.

हा किस ४५ ग्रॅम साखरेत बोटांनी चोळा. दोन-तीन मिनिटांत साखर ओल्या वाळूसारखी होते, केशरी दिसायला लागते आणि वास घरभर जातो. ती ताटात पसरून सावलीत कोरडी होऊ द्या, मग मिक्सरमधून काढून चाळा. अख्खी साखर लोण्यात विरघळत नाही, उलट आजूबाजूचं पाणी ओढून घेते आणि थेंब मोठे होतात. पाणी सुटण्याचं हे दुसरं कारण. मीठ चिमूटभर घालाच, त्याशिवाय गोडी सपाट लागते.

गोठ्यातून
रवीदोरी भाऊंचं बरोबर आहे, पण चौथ्या दिवशीचा आंबूस वास हा सायीचा आणि धुण्याचा दोष आहे.

न विरजलेली साय खालच्या कप्प्यात आठ दिवस फार झाली. थंडीतही वाढणारे जिवाणू तेवढ्यात तिला कडसर करतात, म्हणजे तुमचा कडवटपणा दोन्हीकडून आलेला असू शकतो. तीन दिवसांच्या वर साठवायची असेल तर बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि घुसळायच्या आदल्या रात्री खाली काढा.

घुसळताना साय गायीची असेल तर १०-१२ अंश, म्हशीची असेल तर १२-१४ अंश. म्हशीच्या दुधातला स्निग्धांश कडक असतो, म्हणून थोडी जास्त ऊब लागते. थर्मामीटर नसेल तर गंज (पातेलं) हाताला गार लागावा, पण बोट ठणकू नये. या दिवसांत हे काम पहाटे करा. मिक्सरचं पातंही ऊब देतं, तेव्हा दहा-दहा सेकंद थांबून फिरवा आणि मध्ये बर्फाचे दोन खडे टाका.

थांबायचं कधी, हे सगळ्यात महत्त्वाचं. लोणी ज्वारीच्या दाण्याएवढं झालं की थांबा. मोठा गोळा होईपर्यंत फिरवलं तर ताक आत कोंडलं जातं आणि मग कितीही धुवा, निघत नाही. दाणे चाळणीत ओता, ताक निथळू द्या, मग बर्फाच्या पाण्यात हलवून पाणी फेका. पाणी नितळ येईपर्यंत, तीन-चार वेळा तरी. शेवटी तिरक्या ताटात लाकडी उलथन्यानं दाबून दाबून पाणी काढा. सुरीनं काप घेऊन पाहा: कापलेल्या बाजूवर थेंब चमकले तर अजून मळायचं आहे.

वरूडची_सून
दोघांचे आभार. थांबण्याची खूण कोणी सांगितलीच नव्हती, मी गोळा होईपर्यंत फिरवत होते. आता दोन प्रश्न. साखर मिसळताना लोणी किती मऊ हवं? ३७ अंशांत ते बघता बघता वितळतं. आणि विरजण लावलेलं लोणी चालेल का?

रवीदोरी
१८-२० अंशांचं हवं. बोट दाबलं तर खळगा पडावा, पण बोटाला तेलकट चकाकी येऊ नये. परातीत गार पाणी घेऊन त्यात गंज ठेवा आणि त्यातच फेटा, दोन-तीन मिनिटं पुरे. लोणी एकदा पूर्ण वितळलं की परत गोठवूनही रवाळ राहतं, फुलत नाही. म्हणून ‘जरा गॅसजवळ ठेवते’ असं करू नका.

संत्र्यासाठी विरजणाचं लोणी नको. त्याचा स्वतःचा वास साल दाबून टाकतो.

गोठ्यातून
संत्र्यापुरतं मान्य. पण गूळ-वेलचीचं लोणी करायचं असेल तर विरजणाचंच घ्या, त्या किंचित आंबट वासावर गूळ खुलतो. २०० ग्रॅमला ४० ग्रॅम कोरडी गूळ पावडर आणि चार वेलच्यांची पूड. खड्याचा गूळ किसून घालू नका, हवेतला ओलावा धरून तो दुसऱ्या दिवशी तपकिरी थेंब सोडतो. मध घालायचा तर दीड मोठा चमचा, त्याहून जास्त नाही, आणि मधाचं लोणी एक वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नका.

मोहफूल_गडचिरोली
संत्री संपतील तेव्हा आमच्याकडे मोह पडायला लागेल, म्हणून हेही लिहून ठेवते. पूर्ण वाळलेली मोहफुलं २० ग्रॅम घ्या, आतले केसर काढा आणि चाळणीत घोळून माती झाडा. मंद आचेवर परतताना ती चिकट, मऊ राहतात. ताटात गार झाल्यावर चुटकन मोडली पाहिजेत, नाही मोडली तर परत परता. मग २५ ग्रॅम साखरेबरोबर वाटून चाळा आणि लोण्यात फेटा. ओलसर फुलांची पूड होतच नाही, लगदा होतो. हे लोणी ज्वारीच्या गरम भाकरीवर फार सुरेख लागतं.

साठवणीचं: ५०-५० ग्रॅमच्या वळ्या बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळून डब्यात ठेवा, म्हणजे लाईन गेली तरी एकच वळी बाहेर निघते. फ्रिजमध्ये आठवडाभर, बर्फाच्या कप्प्यात दोन महिने. कांदा-लसणाजवळ नको, लोणी वास ओढतं. फ्रिज नसेल तर गोड लोणी त्याच दिवसापुरतं करा.

वरूडची_सून
शेवटचं एक. बिघडलेलं अडीचशे-तीनशे ग्रॅम पडून आहे. तूप कढवू का?

रवीदोरी
साखर आहे, तळाला जळेल आणि तूपही कडू होईल. आंबूस वास आलेलं टाकून द्या. दुसऱ्या खेपेचं ताजं असेल तर मंद आचेवर फक्त पातळ करून शंकरपाळ्यांच्या पिठात घाला, तिथं लोणी, साखर, रस तिन्ही खपतात. साखर तेवढी कमी धरा आणि दूध आधी न घालता, पीठ मळताना लागेल तसं घाला.