प्रतिसाद: रत्नागिरी ते जयगड सायकलने, वाऱ्याचं गणित

वर प्रश्न आलाय की रत्नागिरीहून किनाऱ्याने जयगडला जाऊन एका दिवसात परत येता येईल का. येतं, पण पहाटेच निघा. मी मुख्यतः वाऱ्याबद्दल लिहितो.

हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सकाळी जमिनीवरून मंद मतलई वारा असतो. ऊन तापलं की खारा वारा सुटतो आणि आपल्या किनाऱ्यावर तो बहुधा वायव्येकडून येतो. म्हणजे उत्तरेला जयगडकडे सकाळीच जायचं आणि दुपारी दक्षिणेला परतायचं, वारा पाठीशी घेऊन. मी पहिल्यांदा नेमकं उलटं केलं होतं. वाटेतल्या मालगुंड गावापुढच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, उतारालासुद्धा पायडल मारावं लागलं. तिथे नुसता कातळ, आडोशाला झाड नाही, आणि आडवा झोत आला की पुढचं चाक हलतं. अशा वेळी हँडल घट्ट आवळू नका, वेग कमी करा.

वाटेतला आरे-वारेचा चढ मात्र घाई न करता चढा. वर पोचल्यावर खाली समुद्र दिसतो तेव्हा मी दर वेळी थांबतोच. जयगडजवळ कऱ्हाटेश्वराच्या देवळाच्या पायऱ्या उतरलात तर खाली, लाटांच्या अगदी शेजारी, गोमुखातून गोड पाणी येतं. बाटल्या तिथे भरून घ्या.

घरी आल्यावर त्याच दिवशी सायकल गोड्या पाण्याने धुवा, पुसा आणि चेनला तेल द्या. खारी हवा चेनला फार लवकर गंज चढवते.