मदत हवी आहे : प्लेस्टेशन ५ आणि जुना टीव्ही

थोरल्या बहिणीचे कुटुंब गड्डा यात्रेसाठी सोलापुरात येत असून भाचा आपले प्लेस्टेशन ५ सोबत आणणार आहे. वडिलांना आता थिएटरच्या पायऱ्या चढवत नाहीत. त्यामुळे दिवसा मुलांचे गेम आणि रात्री त्याच यंत्रावर सर्वांनी मिळून सिनेमा, असा बेत आहे.

आमच्या जुन्या टीव्हीच्या मागे केवळ लाल, पांढरे व पिवळे सॉकेट आहे, तर प्लेस्टेशनला फक्त एचडीएमआय (चित्र व आवाज एकाच वायरने नेणारे डिजिटल सॉकेट). नवी पेठेतून कन्व्हर्टर आणून लॅपटॉपवर तपासला. चित्र येते, परंतु बारीक अक्षरे पार फिसकटतात. शिवाय अशा कन्व्हर्टरसाठी एचडीसीपी (सिनेमाची नक्कल रोखणारे संरक्षण) बंद करावे लागले, तर गेम चालतील, पण सिनेमाची ॲप्स चालणार नाहीत. नवा टीव्ही घेण्यास वडिलांची ठाम ना आहे (आणि त्यांच्याशी वाद घालण्याची माझी तयारी नाही).

शेजाऱ्यांकडून २४ इंची एचडीएमआय मॉनिटर मिळू शकतो, मात्र त्याला स्पीकर नाहीत. प्लेस्टेशन ५ ला आवाजासाठीचे ऑप्टिकल सॉकेट नाही आणि ब्लूटूथ स्पीकरही थेट जोडता येत नाही. अशा वेळी मॉनिटरच्या हेडफोन जॅकमधून लाल-पांढऱ्या वायरने जुन्या होम थिएटरला पुरेसा आवाज मिळेल, की एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टरच (एचडीएमआयमधून आवाज वेगळा काढणारी डबी) घ्यावा लागेल?