रेड वाईनमधला मटण स्ट्यू काळाकुट्ट होतोय, शनिवारच्या आत उपाय सांगा

शिरोलीवाला (बुधवार, रात्री १०:१२)
मंडळी, तातडीनं मदत हवी आहे. रेड वाईनमध्ये शिजवलेला स्ट्यू करायलोय, फ्रान्सवाले करतात तसला. व्हिडिओत होतं तसंच्या तसं केलं. मटण लाल परतून घेतलं, कांदा, गाजर, लसूण घातलं, मैदा भुरभुरला, वाईन ओतून मंद आचेवर ठेवलं. वास झकास सुटलेला. तासाभरात रस्सा काळा पडला. तपकिरी नव्हे, काळा. चमचाभर पांढऱ्या बशीत ओतून बघितला तर कडेला निळसर झाक दिसतीय. आणि चव अशी की जिभेवर रुपयाचं नाणं ठेवलंय.
वाईन चांगली होती, मटण ताजं होतं, करपलेलं काही नाही. शनिवारी रात्री माणसं जेवायला आहेत. "त्यापेक्षा तांबडा-पांढरा करा" हे कृपया कुणी सांगू नका.

पेठेतला_पैलवान
त्यापेक्षा तांबडा-पांढरा कर भावा.

राजारामपुरी_ताई
मैदा जळाला असणार. मैदा परतताना जरा जरी लक्ष हटलं की पुढं सगळं कडू. पुढच्या वेळी मैदा वेगळा कोरडा भाजून घे आणि शेवटी लाव. मी व्हाईट सॉस तसाच करते, आजवर बिघडला नाही.

शिरोलीवाला
ताई, कडू नाही हो. नाण्यासारखी चव म्हटलं मी. आणि व्हाईट सॉस नाही, रेड वाईन आहे.

कोथरूडकर
वाईन कोणती? "चांगली" म्हणजे काय? गोड पोर्ट की ड्राय, म्हणजे बिनगोड? आपल्याकडे गोव्याहून येताना लोक गोड पोर्ट आणतात आणि तीच रेड वाईन समजून स्वयंपाकात घालतात. ती आटवली की काकवीसारखा पाक होतो. मूळ पदार्थ फ्रान्सच्या बर्गंडी भागाचा, तिथे पिनो न्वार वाईन वापरतात. ती हलकी असते, टॅनिन (तुरटपणा आणणारं द्रव्य) कमी. तुम्ही कॅबर्नेसारखी जास्त टॅनिनची वाईन घेतली असेल तर आटल्यावर घशाला कोरड पडणारच.

शिरोलीवाला
नाशिकची शिराझ. ड्राय. अख्खी बाटली, ७५० मिली, सव्वा किलो मटणाला. मला वाटतंय वाईनचा प्रश्नच नाही, कारण ग्लासभर उरलेली प्यालो, मस्त होती.

अकलूज_ते_कोल्हापूर
नाशिकच कशाला? सोलापूर जिल्ह्यात आमच्या अकलूजला फ्रातेल्ली वाईन कंपनीची द्राक्षं होतात, सांजोव्हेझे लावलीय इटलीची. त्यातली घेऊन बघा.

पेठेतला_पैलवान
वाईन सुपरमार्केटात मिळणार म्हणाले होते की २०२२ ला. मंत्रिमंडळाचा निर्णय पण झालेला. मी अजून वाट बघायलोय.

मॉडरेटर_२
धाग्याला धरून बोला.

जयसिंगपूरची_सून
मटण कुठलं आणि कुठल्या भागाचं? आणि किती वेळ शिजवलं? हे न सांगता उपाय कसा सांगायचा? बकऱ्याचं असेल तर रान, गर्दन आणि नळी मिसळून घ्यायची. नुसत्या मांडीच्या तुकड्यांचा स्ट्यू कोरडा होतो. दाट रस्सा येतो तो हाडाच्या आणि शिरांच्या चिकटपणातून, मैद्यातून नव्हे.

शिरोलीवाला
बकऱ्याचंच, दुसरं कुठलं असणार? गर्दन आणि खांदा. दोन तासांनी मऊ झालं होतं. मटण छान, रस्सा काळा. रंगाचं बोला कुणीतरी.

सदा_तत्पर
मूळ कृती बीफची आहे, मटणाची नव्हे. म्हणूनच बिघडलं. पण महाराष्ट्रात ते करता येणार नाही. १९७६च्या कायद्यातली दुरुस्ती २०१५ साली लागू झाली, तेव्हापासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीवर ती बंदी नाही. तर म्हशीचं मांस आणा, नडगीचं, आणि साडेतीन तास शिजवा.

कोथरूडकर
अर्धवट माहिती देऊ नका. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या कायद्यातलं, राज्याबाहेरून आणलेलं बीफ जवळ बाळगण्याबद्दलचं कलम रद्द केलं आहे.

सदा_तत्पर
बाळगण्याचं कोण बोलतंय? मी कत्तलीचं बोललो. नीट वाचत जा.

मॉडरेटर_२
हा विषय इथेच थांबवा. पुढचे दोन प्रतिसाद काढले आहेत.

गॅसवरचा_कुकर
तुम्ही लोक उगाच दोन-दोन तास गॅस जाळता. कुकरमध्ये पाच शिट्ट्या, पंधरा मिनिटं दम, विषय संपला. काळं पडायला वेळच मिळत नाही.

जयसिंगपूरची_सून
कुकरमध्ये वाईन आटत नाही हो दादा. वाफ आतच कोंडते, कच्चट आंबूस वास तसाच राहतो. करायचंच तर आधी वाईन उघड्या भांड्यात निम्मी आटवून घ्या, मग कुकर. आणि साध्या ॲल्युमिनियमचा कुकर असेल तर आंबट पदार्थ त्यात नकोच.

गॅसवरचा_कुकर
आमच्यात ॲल्युमिनियममध्येच चिंचेची आमटी होते. आजी ९१ वर्षांची आहे.

राजारामपुरी_ताई
मला एक सांगा, ही दारू मुलांना चालते का? माणसं येणार म्हणजे लहान मुलं असतीलच.

गॅसवरचा_कुकर
उकळली की सगळी उडून जाते. काळजी नको.

कोथरूडकर
सगळी उडत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा तक्ता आहे: अर्धा तास शिजवल्यावर अल्कोहोल साधारण ३५ टक्के उरतं, एका तासानं २५, दोन तासांनी १०, अडीच तासांनी ५. लहान मुलांचं जेवण वेगळंच काढा.

शिरोलीवाला
मुलं नाहीत. आई माळकरी आहे, तिचं पिठलं-भात वेगळं असतंय. फ्रान्सहून कस्टमर आलाय, कास्टिंगची (ओतकामाची) ऑर्डर आहे. त्याला सरप्राईज द्यायचंय. आता रंगाचं बोला!!

पेठेतला_पैलवान
म्हणजे माणूस फ्रान्सवरनं कोल्हापुरात येणार आणि तू त्याला फ्रान्सचंच खायला घालणार? लेका, त्याच्या आईच्या हातचं खाल्लेलं असणार त्यानं. तुझं तो चाखून "व्हेरी गुड" म्हणेल आणि हॉटेलवर जाऊन बिस्किटं खाईल. त्याला अळणी (मटणाचं बिनतिखट पाणी) पाज, खर्डा चाखू दे, पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावू दे.

जयसिंगपूरची_सून
त्याला तिखट झेपलं नाही तर? पहिल्याच रात्री पोट बिघडलं तर ऑर्डर राहिली बाजूला. शिरोलीवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे.

पेठेतला_पैलवान
पांढरा रस्सा कुठं तिखट असतोय वहिनी? काजू, खसखस, नारळाचं दूध.

खासबाग_चप्पल
रात्री उशिरा धागा बघितला. एकच विचारतो: भांडं कशाचं होतं?

शिरोलीवाला
बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. व्हिडिओतही बीडाचंच होतं, म्हणून तर आमच्याच फाउंड्रीत मुद्दाम ओतून घेतलं. सात लिटरचं, झाकणासकट. वजनाला दणदणीत. ते का विचारताय?

खासबाग_चप्पल
मग रंगाचं उत्तर तिथंच आहे. मी चपलांच्या धंद्यातला. आमचं चामडं हिरड्यानं आणि बाभळीच्या सालीनं कमावतात, दोन्हीत टॅनिन भरपूर. ओल्या चामड्यावर साधा लोखंडी खिळा रात्रभर पडून राहिला तर सकाळी तिथं निळा-काळा डाग. धुवा, घासा, जात नाही. काळं चामडं हवं असलं की लोखंडाचं आंबट पाणी मुद्दाम लावतात. टॅनिन आणि लोखंड भेटलं की काळं होणारच, जुन्या काळची लिहायची शाई पण अशीच करायचे. रेड वाईनमध्ये द्राक्षाच्या सालीचं टॅनिन आहे, वर आंबटपणा आहे, तो बीडातलं लोखंड ओढून घेतो. तुम्ही दोन तास तेच केलंत. नाण्याची चव ती लोखंडाची.
खात्री करायची असली तर त्या भांड्यात बिनदुधाचा कडक चहा उकळा आणि तोच चहा स्टीलच्या पातेल्यातही करा. दोन कप शेजारी ठेवून बघा.

शिरोलीवाला
पण व्हिडिओतल्या बाईनं पण बीडातच केलं. तिचं का नाही झालं काळं?

कोथरूडकर
तिच्या भांड्याला आतून एनॅमल असणार. पांढरट, गुळगुळीत, काचेसारखा थर. फ्रान्समधली रंगीत भांडी तशीच असतात. वाईन लोखंडाला लागतच नाही. तुमच्या भांड्याला आतून काय आहे?

शिरोलीवाला
काय असणार? बीड. सीएनसी मशीनवर आतून टर्न करून (कातून) घेतलंय, आरशासारखं आहे.

उद्यमनगर_पॅटर्न
भावा, थांब. टर्न केलेलं बीड म्हणजे ग्रॅफाइट उघडं पडलं. ग्रे आयर्नमध्ये, म्हणजे या बीडात, ग्रॅफाइटच्या पापड्या असतात, नवीन ओतलेल्या जॉबवर बोट फिरव, काळं होतंय का नाही? तुझा रस्सा त्यानंच काळा झाला. वाईनचा काही संबंध नाही. बीडाचा कुठला ग्रेड, एफजी २००?

शिरोलीवाला
एफजी २६०. दोनदा साबणानं धुतलेलं.

खासबाग_चप्पल
ग्रॅफाइटची भुकटी करडी काळी, ती तळाला बसते. निळी झाक ग्रॅफाइटला येत नाही. आणि ग्रॅफाइटला नाण्याची चव कुठली?

उद्यमनगर_पॅटर्न
दोन्ही असेल म्हणा. पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. चार्जमध्ये (भट्टीत वितळायला घातलेल्या मालात) स्क्रॅप कुठलं होतं? रंगवलेलं, जस्त चढवलेलं, काय काय येतं भट्टीत. पंपाची बॉडी ओतायच्या मेटलमध्ये जेवणाचं भांडं ओतू नये. मी असतो तर त्यात दही-भात पण ठेवला नसता.

शिरोलीवाला
पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि आमचेच रनर-रायझर (ओतकामात उरलेले तुकडे) होते, बाहेरचं स्क्रॅप नाही. भट्टीवर मी स्वतः उभा होतो. आता बाकीचं राहू दे. चहा करून बघितला. स्टीलमधला लाल, बीडातला डांबर.

जयसिंगपूरची_सून
झालं तर मग. स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घ्या. तुमचं बीड वाया घालवू नका, मटण परतायला त्यासारखं काही नाही, कारण परतताना आंबट काही नसतं. तुकडे कापडानं कोरडे करा, थोडे थोडे टाका, गर्दी केली की पाणी सुटतं आणि मटण परतायच्या ऐवजी शिजतं. तळाला जो लाल खर धरतो तो वाईननं सोडवू नका, तिथंच पुन्हा घोळ होईल. वाटीभर अळणी पाणी ओता, उलथन्यानं खरवडा आणि सगळं पातेल्यात उलटा. अळणीत हळद-आलं नको, नुसतं मीठ आणि हाडं.
मग पातेल्यात वाईन एकटी निम्मी आटवा. त्यात मटण, बाकीचं अळणी, टोमॅटोची पेस्ट चमचाभर. मंद आच, उकळी फुटता कामा नये, बुडबुडा अधूनमधून यावा एवढंच. बकऱ्याला पावणेदोन ते सव्वादोन तास. गाजराचे मोठे तुकडे शेवटच्या पाऊण तासात. सांबारचे छोटे कांदे आणि मश्रूम वेगळे लोण्यावर परतून अगदी शेवटी.

राजारामपुरी_ताई
तमालपत्र घालायचं ना?

कोथरूडकर
आपलं तमालपत्र आणि त्यांचं बे लीफ ही वेगवेगळ्या झाडांची पानं आहेत. आपल्या पानाला दालचिनीचा वास. घातलं तर स्ट्यू बिर्याणीकडे झुकतो. थाईम मिळालं नाही तर दोन चिमटी ओवा चालेल, दोघांत थायमॉल असतं. चमचाभर मात्र घालू नका.

पेठेतला_पैलवान
ओवा घातला, अळणी घातलं. हळूहळू येतंय की लायनीवर.

शिरोलीवाला (शुक्रवार, रात्री ११:३०)
आज पाव किलोचा केला, स्टीलमध्ये. रंग गडद लाल-तपकिरी, काळा अजिबात नाही. नाण्याची चव गेली. पण थोडा आंबट लागतोय. गूळ घालू का? आणि तो पहिला काळा स्ट्यू फ्रिजमध्ये आहे, खाल्ला तर काही होतंय का?

जयसिंगपूरची_सून
गूळ नको, गुळाची चव वर येते. वाईन पुरेशी आटवली नसणार, निम्मी म्हणजे खरंच निम्मी. एक गाजर आणि एक कांदा जास्त घाला, वरून लोण्याचा गोळा. आणि आजच करून ठेवा, उद्या गरम करा. मुरल्यावर आंबटपणा बसतो. थंड झाल्यावर वरची चरबी पण अलगद निघते.

खासबाग_चप्पल
एखाद्या वेळी खाल्ल्यानं काही होत नाही, पण तुम्ही तरी तो कशाला खाताय? टाकून द्या. भांड्याला तेलाचे पातळ हात देऊन तापवा, तीन-चारदा. भाकरी, भाजी, परतणं, सगळं होईल. आंबट तेवढं नको.

उद्यमनगर_पॅटर्न
एनॅमल करून देणारा शोधला तर मिळेल. पॅटर्न (ओतायचा नमुना) माझ्याकडं टाक, झाकणाचं हँडल बदलूया, ते बोटात बसत नाही असं फोटोवरनं वाटतंय.

शिरोलीवाला
फोटो टाकलाच नाही मी.

उद्यमनगर_पॅटर्न
टाक की मग.

पेठेतला_पैलवान
मटण किती रुपयानं घेतलंस ते सांग आधी. २०१९ला दरावरनं आंदोलन झालं तेव्हाच मी म्हटलेलं, हे पुन्हा चढणार.